दोनशे बारचा हातपंप : हवेची रायफल भरण्याचे काम आणि आपले कारागीर

सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मारणे हे काम आपल्या लोकांना कोणी शिकवायला नको. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, कुठेही बसस्टँडच्या आजूबाजूला पाहा, पंक्चरचे दुकान, जुना कॉम्प्रेसर आणि खांबाला टेकवलेला हातपंप दिसेलच. पंपाने हवा धरणे सोडले की दट्ट्या बाहेर काढायचा, चामड्याचा वायसर तेलात भिजवून फुगवायचा, परत बसवायचा आणि पंप चालू. पिढ्यान्‌पिढ्या हे असेच चालत आले आहे.

आता कधीमधी एखादा कॉलेजचा मुलगा एक वेगळाच पंप घेऊन दुकानात येतो. दिसायला तो सायकलच्या पंपासारखाच असतो, फक्त जाड, जड, खाली पाय ठेवायला दोन पट्ट्या आणि बुडाशी एक गेज. "चाचा, हा हवा धरत नाही, जरा बघता का?" असे तो विचारतो. चाचा बघतात, आणि हाताच्या सवयीने तेलाची बुधली उचलतात. हा लेख लिहिण्याचे खरे कारण ती बुधली आहे. या पंपात साधे तेल घालणे म्हणजे स्फोटाची तयारी करणे होय. ते कसे, हे कळण्यासाठी पंप आणि ज्या रायफलीसाठी तो बनतो ती रायफल, दोन्हींची माहिती क्रमाने घेतली पाहिजे.

हवेची बंदूक आपण सर्वांनी पाहिलेली आहे. गिरडसारख्या यात्रेत फुगे फोडण्याच्या फळीसमोर जी बंदूक असते तिच्या पोटात स्प्रिंग असते. नळी मोडून वाकवली की स्प्रिंग दाबली जाते, घोडा ओढला की ती सुटते, तिच्यापुढचा दट्ट्या हवा दाबतो आणि छर्रा बाहेर पडतो. प्रत्येक छऱ्यासाठी नवी मेहनत लागते आणि स्प्रिंग सुटताना बंदुकीला हिसका बसतो. दुसऱ्या प्रकारात स्प्रिंगचे काम उरतच नाही. रायफलीच्या नळीखाली एक लहान टाकी असते, तीत अगोदरच दाबून भरलेली हवा ठेवलेली असते. घोडा ओढला की एक लहान हातोडी झडपेवर आपटते, झडप क्षणभर उघडते, चिमूटभर हवा सुटते आणि छर्रा जातो. आधी भरलेली म्हणून इंग्रजीत हिला प्री-चार्ज्ड म्हणतात, बाजारात पीसीपी हे नाव चालते. हिसका जवळजवळ नसल्यामुळे निशाण अचूक बसते.

ही युक्ती नवीन नाही. १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या फौजेत गिरांडोनी नावाच्या टायरोलच्या कारागिराने बनवलेली हवेची रायफल होती. तिचा दस्ता म्हणजेच हवेची टाकी. ती भरायला हातपंपाचे सुमारे पंधराशे झटके लागत, आणि तिची चामड्याची बुचे ओली ठेवली नाहीत तर हवा निघून जाई. आपला चामड्याचा वायसर आणि त्या फौजेचे चामड्याचे बूच, दुखणे एकच.

आज ही रायफल मुख्यतः खेळाची आहे. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने ज्या प्रकारात सुवर्णपदक मिळवले तो १० मीटर एअर रायफलचा. २०१२ साली लंडनला गगन नारंगने त्याच प्रकारात कांस्य मिळवले. आपल्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरो येथे त्यात जगज्जेता झाला. दहा मीटरवरच्या त्या निशाणाचा मधला ठिपका अवघा अर्धा मिलिमीटरचा असतो, म्हणजे पेन्सिलीच्या टोकाएवढा. पुण्यात बालेवाडीला, मुंबईत वरळीला सरावाच्या मोठ्या रेंज आहेत. आणि एक गोष्ट आपल्या लेथवाल्या भावांना आवडेल. ठाणे जिल्ह्यातील प्रिसिहोल ही कंपनी मूळची धातूत खोल आणि सरळ छिद्रे पाडणारी यंत्रे बनवणारी. बंदुकीची नळी म्हणजे तरी काय, खोल आणि सरळ छिद्रच! त्याच घराण्यातून पुढे एअर रायफली बनू लागल्या. बारीक काम येणाऱ्याला एका धंद्यातून दुसऱ्या धंद्यात जाता येते, ते असे.

मोठ्या रेंजवर टाक्या भरायला कॉम्प्रेसर असतो. देवळी किंवा समुद्रपूरच्या मुलाला तो कुठून मिळणार? विजेवर चालणारा लहान कॉम्प्रेसर मिळतो, पण तो महाग आणि नाजूक, आणि आपल्याकडची वीज कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून तो हातपंप घेतो. पंप बिघडला की कुरिअरने पुण्या-मुंबईला पाठवायचा, नाहीतर जवळच्या सायकलवाल्याकडे आणायचा. इथे आपला संबंध येतो.

दाब किती, ते आधी लक्षात घ्या

सायकलच्या ट्यूबमध्ये आपण चाळीस ते साठ पौंड हवा मारतो. ट्रकच्या टायरमध्ये शंभर ते एकशेवीस. ही रायफल सर्वसाधारणपणे २०० बारपर्यंत भरतात, काही टाक्या ३०० बारच्याही असतात. एक बार म्हणजे साडेचौदा पौंड. म्हणजे २०० बार झाले २,९०० पौंड! ट्रकच्या टायरच्या पंचवीसपट. सीएनजीवर चालणाऱ्या रिक्षाच्या टाकीत जो दाब असतो, तोच या बोटभर जाडीच्या नळीत. टायर फुटला तर काय होते ते आपल्यातील अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे, तेव्हा जास्त सांगायला नको.

मग माणूस हाताने एवढा दाब देतो कसा? हिशेब सोपा आहे. २०० बार म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे दोन किलो भार. सायकलच्या पंपाचा दट्ट्या २५ मिलिमीटरचा धरला तर त्याचे तोंड ४९० चौरस मिलिमीटर भरते. त्याच्यावर २०० बारचा दाब आला तर दांडा खाली ढकलायला जवळजवळ एक टन वजन लागेल. हत्तीचे पिल्लू बसवावे लागेल. उलट दट्ट्या फक्त ६ मिलिमीटरचा केला तर तोंड २८ चौरस मिलिमीटर आणि भार ५७ किलो. मध्यम बांध्याच्या माणसाने दांड्यावर अंग टाकले की झाले.

पण सहा मिलिमीटरच्या नळीत हवा मावते किती? काहीच नाही. दिवसभर पंप मारत बसावे लागेल. म्हणून या पंपात एकात एक अशा नळ्या बसवून तीन टप्पे केलेले असतात. रुंद नळीत बाहेरची हवा भरपूर येते आणि थोडी दाबली जाते. ती मधल्या अरुंद नळीत जाऊन आणखी दाबली जाते, आणि शेवटी सर्वांत बारीक नळीत तिचा दाब पुरा होतो. प्रत्येक टप्प्यात हवा साधारण सहापट दाबली जाते, आणि सहा गुणिले सहा गुणिले सहा म्हणजे दोनशेच्या वर. तीन टप्प्यांना जोडणाऱ्या लहान झडपा आणि ओ-रिंगा पंपाच्या पोटात असतात. यातली एक ओ-रिंग जरी चिरली तरी वरून सगळे ठीक दिसते, दांडाही हलतो, पण गेजचा काटा एका आकड्यावर जाऊन अडून बसतो.

अंगाने बारीक मुलाला २०० बार गाठता येत नाही, तो १५० ला थकतो, यात पंपाचा दोष नसतो. असे गिऱ्हाईक आले तर पंप खोलण्याआधी स्वतः दांड्यावर उभे राहून पाहावे. अर्ध्या तक्रारी तिथेच निकाली निघतात.

भरण्याची रीत

रायफल रिकामी आहे, नळीत छर्रा नाही, हे प्रथम पाहावे. तोंड भिंतीकडे किंवा जमिनीकडे, माणसाकडे कधीच नाही. टाकीवर छापलेला कमाल दाब आणि बनवल्याचे साल वाचावे. छाप पुसलेला असेल, टाकीला पोचा असेल, चरे किंवा गंज असेल तर पंप जोडूच नये, गिऱ्हाईक कितीही गयावया करो.

टाकी अगदी शून्यावर आलेली असेल तर एक गंमत होते. पंप मारावा आणि सगळी हवा नळीच्या तोंडातून सूं करत निघून जावी. मालक समजतो रायफल बिघडली. बिघडलेली नसते. आत दाब नसल्यामुळे हातोडी झडपेला टेकून ती थोडी उघडी धरते. रायफल कॉक करून, म्हणजे हातोडी मागे ओढून, सेफ्टी लावून भरायला घेतली की झडप बसते आणि हवा राहू लागते. पूर्ण रिकाम्या रायफलीपुरतीच ही गोष्ट आहे, आणि ती माहीत असली तर गिऱ्हाईकापुढे पहिल्याच दिवशी वजन वाढते.

होजचे टोक रायफलीच्या भरणीत पुरते बसवावे. पंपाच्या बुडाशी हवा सोडण्याचा एक लहान स्क्रू असतो, तो बंद करावा, पण हाताने जेवढा घट्ट होईल तेवढाच, पाना लावू नये. मग दोन्ही पाय पट्ट्यांवर, पाठ सरळ, दांडा पूर्ण वर, क्षणभर थांबायचे म्हणजे हवा आतल्या टप्प्यात सरकते, आणि मग हात ताठ ठेवून अंगाच्या वजनाने सावकाश खाली. खालीही क्षणभर थांबायचे. सायकलला आपण जसे भराभर अर्धे-अर्धे झटके मारतो तसे इथे चालत नाही. अर्ध्या झटक्यात शेवटच्या टप्प्याला पुरेसा दाबच तयार होत नाही, घाम मात्र पूर्ण निघतो.

पहिल्या काही झटक्यांत रायफलीचे गेज जागचे हलत नाही. ते बरोबरच आहे. रायफलीत शंभर बार शिल्लक असतील तर आधी होजमध्ये शंभर बार व्हावे लागतात, तेव्हा कुठे रायफलीची एकमार्गी झडप उघडते. सायकलच्या व्हॉल ट्यूबसारखेच ते आहे.

किती झटके लागतील? टाकी २०० सीसीची आणि तीत १०० बार शिल्लक आहेत असे धरा. २०० बार करायला बाहेरची २० लिटर हवा आत घालावी लागेल. पंपाची रुंद नळी २५ मिलिमीटरची आणि दांडा अर्धा मीटर चालत असेल तर एका झटक्यात जेमतेम पाव लिटर हवा येते. कागदावर ऐंशी झटके झाले. प्रत्यक्षात गळती आणि नळीत उरणारी हवा धरून शंभर ते सव्वाशे समजावेत. अगदी शून्यापासून भरायचे तर दुप्पट. म्हणून जाणकार लोक टाकी रिकामी होऊ देत नाहीत, १२० च्या आसपास आली की परत वर नेतात. सामन्याच्या रायफलीला छर्रा सोडायला हवा फार कमी लागते, तिला हातपंप परवडतो. जास्त ताकदीची रायफल हातपंपावर ठेवणे म्हणजे व्यायामशाळेची फी वाचवणे.

पन्नास-साठ झटके झाले की थांबावे. हा नियम दमलेल्या माणसापेक्षा पंपासाठी जास्त आहे. हवा दाबली की तापते, सायकलचा पंपही बुडाशी गरम लागतो हे आपण जाणतोच. इथे ती उष्णता आतल्या ओ-रिंगा मऊ करते आणि मऊ झालेली रिंग दाबाने फटीत घुसून कातरली जाते. स्क्रू हळू उघडून होजमधली हवा सोडावी, फुस्स आवाजाबरोबर पाण्याचा बारीक फवारा निघतो, मग पाच-दहा मिनिटे पंपाला गार होऊ द्यावे. दांड्यावर पाणी ओतून गार करू नये. भरून झाल्यावरसुद्धा आधी स्क्रू उघडून होज रिकामा करायचा आणि मगच तो काढायचा. भरलेला होज ओढून काढला तर सापासारखा उसळतो आणि डोळा किंवा दात घेऊन जातो.

वर्ध्याची हवा

तो पाण्याचा फवारा कुठून आला? हवेतून. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत दर घनमीटरला पंचवीसेक ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. वीस लिटर हवा टाकीएवढी दाबली की त्यातली जवळजवळ सगळी वाफ पाणी होते, म्हणजे एका भरण्यात दहाएक थेंब. पंपाने ते वाटेत अडवले नाही तर टाकीत जाऊन बसतात. लोखंडी टाकी आतून गंजते, बाहेरून रंग चकाचक. चांगल्या पंपाला हवा शोषण्याच्या जागी सुकवणीची डबी असते, तीत सिलिका जेलचे निळे दाणे असतात. ते गुलाबी झाले की ओले झाले समजावे, तव्यावर मंद आचेवर तापवले की परत निळे होतात. दुकानदाराला फुकटात करून देण्यासारखे हे काम आहे, गिऱ्हाईक लक्षात ठेवते.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसला गेला तरी दुपारच्या हवेत पाणी पावसाळ्याच्या निम्म्याहून कमी असते. तेव्हा अडचण वेगळी येते, पंप आधीच तापलेला असतो. भल्या सकाळी सावलीत भरावे. आणि भरलेली रायफल उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. सकाळी २५ अंशांना २०० बार भरलेली टाकी डिकीत ६० अंशांपर्यंत तापली तर दाब आपोआप सव्वादोनशेच्या जवळ जातो. उन्हाळ्यात वीस-पंचवीस बार कमी भरलेले बरे. तसेही कमाल आकड्याच्या वर भरून फायदा काहीच नाही, दाब फार झाला तर हातोडीला झडप नीट उघडता येत नाही आणि छर्रा उलट मंद जातो.

हिंगणघाटच्या भावांनी आणखी एक जपावे. जिनिंगच्या दिवसांत हवेत रुईचे तंतू तरंगत असतात. सायकलच्या पंपाला त्याचे काही नाही, पण या पंपाच्या झडपेत एक तंतू अडकला की ती बसत नाही. शोषण्याच्या जागची जाळी साफ ठेवावी आणि पंप पिशवीत बंद करून ठेवावा.

तेल आणि ऑक्सिजन

आता त्या बुधलीकडे येऊ. डिझेल इंजिनात प्लग नसतो. हवा सोळा ते वीसपट दाबली की ती इतकी तापते की डिझेल आपोआप पेटते. हे कोणत्याही ट्रॅक्टर मेस्त्रीला ठाऊक आहे. आपल्या पंपात हवा दोनशेपट दाबली जाते. ती तीन टप्प्यांत आणि सावकाश दाबली जात असल्याने निभावते. पण आत मशीन ऑइल, ग्रीस, डब्ल्यूडी-४० किंवा खोबरेल यातले काही असेल, तर त्याची वाफ आणि दाबलेली हवा यांचे डिझेल इंजिन तयार होते. फरक एवढाच की इंजिनचा ब्लॉक हा धक्का सोसायला बनवलेला असतो आणि पंपाची नळी नसते. कधी नुसता ठोका ऐकू येऊन सील जळते, कधी होज फाटतो, कधी त्याहून वाईट. ओ-रिंगेला चोळायला शुद्ध सिलिकॉन ग्रीस मिळते, तेही बोटाला चमक येईल एवढेच लावायचे. सुटे भाग पेट्रोल किंवा रॉकेलने धुण्याची सवय आहे, ती इथे सोडावी. साबणाचे कोमट पाणी घ्यावे, कोरड्या फडक्याने पुसावे आणि पूर्ण वाळू द्यावे.

याहूनही मोठा धोका आपल्या वेल्डिंगच्या दुकानांत उभा आहे. काळी ऑक्सिजनची टाकी, दाब दीडशे बारच्या घरात, रेग्युलेटर लावलेला, होज तयार. पंप मारून थकलेला मुलगा म्हणतो, "भाई, यातूनच भरून द्या ना, पैसे घ्या." कपलिंग जुळवणे आपल्या हाताला दोन मिनिटांचे काम आहे. ते करू नये. साध्या हवेत पाचवा हिस्सा ऑक्सिजन असतो, या टाकीत निव्वळ ऑक्सिजन. त्या दाबाला त्याच्यात ग्रीसचा ठिपका, रबर, इतकेच काय धातूसुद्धा पेटतो, आणि रायफल गालाला लावून वापरायची वस्तू आहे. त्यामुळे या कामात ऑक्सिजन, अॅसिटिलीन, सीएनजी, घरगुती गॅस सगळे वर्ज्य. टाकीत फक्त साधी कोरडी हवा जायची. शक्य असेल तर दुकानात ही सूचना मराठी-हिंदी-उर्दूत लिहून टांगावी, म्हणजे आपल्या माघारी पोऱ्यासुद्धा नाही म्हणू शकेल.

काय दुरुस्त करावे, काय करू नये

पंप खोलण्यात घाबरण्यासारखे काही नाही, फक्त आत हवा नाही याची खात्री झालेली हवी. भाग निघतील त्या क्रमाने कापडावर मांडावेत. जुन्या रिंगेचा आतला व्यास आणि जाडी व्हर्निअरने मोजावी. सायकलच्या किंवा नळाच्या दुकानातली दिसायला तशीच रिंग बसवू नये. कडकपणाचाही आकडा असतो, साधी रिंग सत्तरची, उच्च दाबाला बहुधा नव्वदची लागते. मऊ रिंग एका दिवसात फटीत घुसते आणि गिऱ्हाईक परत येते. दांड्यावर आडवा चरा असेल तर नवी रिंगही टिकणार नाही, आणि तो चरा पॉलिश पेपरने घासून दांडा बारीक करण्यातही अर्थ नाही. सांधे बहुतेक १/८ बीएसपी आट्याचे असतात. तिथे टेफलॉन टेप गुंडाळण्यापेक्षा रबर जडवलेला धातूचा वायसर घालावा. टेपचा कपटा सुटून झडपेत जातो.

गळती साबणाच्या पाण्याने शोधावी, पण थोड्या दाबावर. बुडबुडा दिसला म्हणून भरलेल्या सांध्याला पाना लावायचा नाही. हवा सोडा, मग आवळा, मग परत भरा. गेजच्या काचेसमोर तोंड नेऊ नये, डोळ्यांवर वेल्डिंगचा पांढरा चष्मा असावा. काम झाल्यावर रायफल एक दिवस ठेवून काटा जागेवर राहतो का ते पाहावे. भरल्याबरोबर थोडा उतरतो तो हवा गार झाल्यामुळे, ती गळती नव्हे.

रायफलीची टाकी मात्र दुरुस्तीची वस्तू नाही. तिच्यावर वेल्डिंग, ब्रेझिंग, ड्रिल, काहीही नाही. स्फोटक आणि दाबाच्या टाक्यांवर देखरेख करणाऱ्या पेसो या केंद्रीय खात्याचे मुख्यालय आपल्या शेजारी नागपुरातच आहे. २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांत ५०० मिलिलिटरपेक्षा मोठी टाकी सिलिंडर धरली जाते. म्हणूनच गाडीची सीएनजी टाकी दर तीन वर्षांनी तपासून घ्यावी लागते. रायफलीची टाकी त्याहून लहान असते, तिच्या मागे कोणी तपासनीस येत नाही. याचा अर्थ ती सुरक्षित आहे असा नसून जबाबदारी मालकाची आणि शेवटी हात लावणाऱ्या कारागिराची आहे असा होतो. जर्मनीचे नामांकित कारखाने सामन्याच्या रायफलींच्या टाक्यांना दहा वर्षांचे आयुष्य देतात, आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांत टाकीची मुदत संपलेली नाही हे पाहणे खेळाडूवर सोपवलेले आहे. टाकीवरचे साल पाहून गिऱ्हाईकाला तसे स्पष्ट सांगावे आणि आपल्या वहीत लिहून ठेवावे.

कायद्याचेही थोडे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे ०.१७७ इंचापेक्षा, मोठ्या नळीची किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ताकदीची हवेची बंदूक परवान्याखाली येते. सामन्याच्या रायफलीची ताकद साडेसात ज्यूलच्या आसपास असते. त्यामुळे "हातोडीची स्प्रिंग बदलून ताकद वाढवून द्या" असे सांगत कोणी आला तर तो आपल्या हातून बिनपरवाना शस्त्र बनवून घेत आहे हे समजावे. पंप, होज, भरणी एवढ्यावर थांबावे. रायफली विकण्याचा विचार असेल तर आधी जिल्हाधिकारी कार्यालयात आणि पोलिस ठाण्यात नियम विचारून घ्यावेत, ऐकीव माहितीवर दुकान मांडू नये.

शिकारीचे नाव निघाले तर विषय तिथेच बंद करावा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तितर, ससा, मोर यांच्यावर बंदूक चालवणे गुन्हा आहे, आणि सेलू तालुक्यातले बोर अभयारण्य तर २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. रानडुकरांनी शेताची नासाडी केली की शेतकरी चिडतो हे खरे, पण त्याचा अर्ज वनखात्याकडे जायला हवा. ४.५ मिलिमीटरच्या छऱ्याने डुक्कर मरत नाही, जखमी होऊन पिसाळते.

गांधीजींच्या सेवाग्रामच्या जिल्ह्यात बंदुकीचा धंदा कसला, असेही कोणी विचारील. ज्या वस्तूचे निशाण अर्ध्या मिलिमीटरचा कागदी ठिपका आहे तिला आम्ही तरी खेळाचे साहित्यच म्हणतो.

धंदा म्हणून पाहिले तर वर्धा जिल्ह्यात या कामाची गिऱ्हाइके बोटावर मोजण्याइतकीच निघतील. त्यांच्यासाठी टायर-ट्यूबचे काम सोडण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. पण ओ-रिंग मोजून निवडणे, सील न कापता बसवणे, एकमार्गी झडप साफ करणे ही विद्या एकदा हातात बसली की तिच्यावर इतर कामे खूप आहेत. गाड्या धुण्याचे प्रेशर पंप आहेत, हायड्रॉलिक जॅक आहेत, ट्रॅक्टरची लिफ्ट आहे. कपाशीच्या हंगामात फवारणीचे पंप गळत असतात आणि गळणारे औषध शेतमजुराच्या पाठीवर उतरते, तिथेही शेवटी एक रिंगच बदलायची असते. ज्याला सुरुवात करायची आहे त्याने एक व्हर्निअर, वेगवेगळ्या मापांच्या नव्वद कडकपणाच्या रिंगांचा एक डबा, सिलिकॉन ग्रीसची एक ट्यूब आणि चष्मा एवढे आणावे. आणि हे सामान ठेवायला दुकानात तेलाच्या फळीपासून दूर एक वेगळी पेटी करावी, म्हणजे घाईत चुकीची बुधली हाताला लागणार नाही.